जुरोंग: खाजणावर उभी राहिलेली उद्योगनगरी

सिंगापूर बेटाच्या नैऋत्येला जुरोंग नावाची एक छोटी नदी समुद्राला मिळते. १९६० सालापर्यंत तिच्या मुखाशी दूरवर खाजण पसरलेलं होतं. खारफुटीचं रान, भरतीचं पाणी बांध घालून अडवलेली कोळंबीची तळी, त्यांच्यामागे लाल मातीच्या बुटक्या टेकड्या, टेकड्यांवर रबराची झाडं आणि मधून मधून भाजीपाला, कोंबड्या, डुकरं यांवर गुजराण करणाऱ्या कुटुंबांची झावळ्यांनी शाकारलेली घरं. शहरातला माणूस काही काम निघाल्याशिवाय तिकडे फिरकत नसे. आज त्याच किनाऱ्यावर जहाजदुरुस्तीच्या गोद्या आहेत, बंदर आहे, यंत्रसामग्रीपासून औषधांपर्यंत नाना वस्तूंचे कारखाने आहेत आणि समोरच्या बेटावर जगातल्या मोठ्या रसायनसंकुलांपैकी एक आहे.

नियोजित उद्योगनगरी वसवण्याचे प्रयत्न जगात पुष्कळ झाले. रस्ते आखून, खांब रोवून, फलक लावून तयार झालेल्या आणि कारखानदाराची वाट पाहत राहिलेल्या वसाहती प्रत्येक देशात सापडतील. जुरोंगही काही वर्षं त्यांच्यातलंच एक होतं. सगळी तयारी झाल्यानंतरच्या त्या रिकाम्या वर्षांत सिंगापूरच्या लोकांनी काय केलं, कारखानदाराला तिथवर कसं आणलं आणि आल्यावर कसं टिकवलं, हा या इतिहासातला सर्वांत थक्क करणारा भाग आहे.

सिंगापूरला १९५९ मध्ये अंतर्गत स्वराज्य मिळालं आणि ली क्वान यू पंतप्रधान झाले. लोकसंख्या सोळा लाखांच्या आसपास, बेकारी १३-१४ टक्क्यांच्या घरात, आणि शाळा संपवून दरवर्षी बाहेर पडणाऱ्या पोरांचा लोंढा वाढता. बेटाचं पोट भरत होतं ते बंदरावर. मलायाचं रबर आणि कथील बाहेर पाठवायचं, युरोपचा माल आत घ्यायचा आणि मधली दलाली राखायची. या धंद्यात एवढ्या हातांना काम मिळणं शक्य नव्हतं. शेजारची राष्ट्रं स्वतःची बंदरं उभारू लागल्यावर तो धंदाही आटणार, हे स्पष्ट होतं. खनिज नाही, शेतजमीन नाही, प्यायचं पाणीदेखील बहुतांशी शेजारच्या मलायातल्या जोहोरहून नळाने येणारं.

१९६० च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांचं एक पथक सिंगापुरात आलं. त्याचे प्रमुख होते आल्बर्ट विन्सेमियस हे डच अर्थतज्ज्ञ. महायुद्धानंतर हॉलंडचे उद्योग पुन्हा उभे करण्याच्या कामाचा त्यांना अनुभव होता. त्यांचा अहवाल १९६१ मध्ये सादर झाला आणि पुढे १९८४ पर्यंत ते सिंगापूरचे आर्थिक सल्लागार राहिले, तेही मानधन न घेता. त्यांनी सुरुवातीलाच दिलेला एक सल्ला फार बोलका आहे. शहर वसवणाऱ्या इंग्रज अधिकाऱ्याचा, स्टॅम्फर्ड रॅफल्सचा पुतळा हलवू नका, असं त्यांनी ली यांना सांगितलं. वसाहतवादाविरुद्ध लढून सत्तेवर आलेल्या तरुण सरकारसाठी तो पुतळा काढणं ही टाळ्या मिळवण्याची सोपी संधी होती. पण युरोप-अमेरिकेतला कारखानदार त्या पुतळ्याकडे बघून आपले अंदाज बांधणार होता. जुन्याशी सूडबुद्धीने वागणारं सरकार उद्या आपल्या कारखान्याशी कसं वागेल, हा प्रश्न त्याच्या मनात येणारच. पुतळा जागच्या जागी राहिला. पैसा गुंतवणारा माणूस सवलतींचा तक्ता वाचण्याआधी यजमानाचा स्वभाव वाचतो, ही जाण त्या सल्ल्यात आहे. जुरोंगची पुढची सगळी वाटचाल मला या जाणिवेचाच विस्तार वाटते.

१ ऑगस्ट १९६१ रोजी आर्थिक विकास मंडळाची स्थापना झाली. हाताशी १० कोटी डॉलरचा निधी आणि अध्यक्षपदी होन सुई सेन हे मुरलेले सनदी अधिकारी. (बरोबर एक वर्षाने, १ ऑगस्ट १९६२ रोजी, आपल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाचा, म्हणजे ‘एमआयडीसी’चा, जन्म झाला. दोन्ही संस्था एकाच काळाच्या आशेतून निघालेल्या.) मंडळामागची खरी इच्छाशक्ती होती अर्थमंत्री गोह केंग स्वी यांची. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून डॉक्टरेट घेतलेला, कमी बोलणारा, पैशाला काटेकोर असा हा माणूस. त्यांनी जुरोंगची ९,००० एकर जमीन औद्योगिक नगरीसाठी मुक्रर केली. छत्रपती संभाजीनगरजवळ शेंद्रा-बिडकीनला उभी राहत असलेली ‘ऑरिक’ नगरी १०,००० एकरांच्या आसपास आहे, यावरून जुरोंगच्या आकाराची कल्पना यावी. फरक एवढाच की सिंगापूरच्या अख्ख्या देशाचंच क्षेत्रफळ तेव्हा सहाशे चौरस किलोमीटरहून थोडंच कमी होतं.

जागेची निवड विचारपूर्वक झाली होती. किनाऱ्याला खोल पाणी होतं, त्यामुळे बंदर होऊ शकत होतं. बरीचशी जमीन सरकारी मालकीची होती. टेकड्या आणि दलदल शेजारी शेजारी होत्या, म्हणून एकीची माती दुसरीत भरता येत होती. बुलडोझरांनी टेकड्या कापल्या, तोच मुरूम खाजणात टाकून सपाट जमीन केली. मग रस्ते, वीज, पाणी, सांडपाण्याचे नळ. कोळंबीची तळी बुजली, मळे गेले, घरं उठली. विस्थापितांना भरपाई मिळाली, पुढे सरकारी गाळ्यांत घरंही मिळाली. पण पिढ्यान्‌पिढ्या खाडीवर जगलेल्या माणसाला पाचव्या मजल्यावर कोळंबी धरता येत नाही. या नगरीच्या जमाखर्चात ही रक्कम मांडल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला वाटतं.

जमीन तयार झाली. आणि कोणी आलं नाही.

१९६१ मध्ये करमाफीची, म्हणजे ‘पायोनियर’ उद्योगाची, प्रमाणपत्रं मिळालेले उद्योग होते अवघे १२. नव्या उद्योगाला पाच वर्षं करमाफी देणारा हा कायदा १९५९ पासून लागू होता. पण करमाफीचा मोह पडायला आधी नफा व्हावा लागतो आणि नफ्याची खात्री कोणाला नव्हती. संप रोजचे होते. कम्युनिस्ट आणि सरकार यांच्यातला झगडा टोकाला गेला होता. १९६३ मध्ये सिंगापूर मलेशियात सामील झालं, तेव्हा मोठी बाजारपेठ मिळेल ही आशा होती. पण प्रमाणपत्रं देण्याचा अधिकार क्वालालंपूरकडे गेला आणि १९६५ पर्यंत तिथून सिंगापूरसाठी एकही प्रमाणपत्र आलं नाही. त्या वर्षी ऑगस्टमध्ये मलेशियाशी फारकत झाली आणि बाजारपेठेची आशाही संपली.

लोक या मोकळ्या मैदानाला ‘गोहचा वेडेपणा’ म्हणू लागले. गोह यांना ते माहीत होतं, त्यांनी स्वतःच हा शब्द जाहीरपणे वापरला आहे. या काळातली त्यांची एक रीत ली यांनी आठवणींत नोंदवली आहे. एकाच कारखान्याचे दोन समारंभ करायचे, एक कोनशिलेचा आणि एक उद्घाटनाचा. कारखाना डासांच्या अगरबत्तीचा असो की औषधी तेलाचा, कामगार मोजून काही डझन असोत, अर्थमंत्री दोन्ही वेळा हजर. लोकांचं धैर्य टिकावं, जुरोंगमध्ये काहीतरी हलतंय हे वर्तमानपत्रात दिसत राहावं, यासाठी देशाचा अर्थमंत्री अगरबत्तीच्या कारखान्याची फीत कापायला दोनदा जात होता. पहिला छोटा कारखानदार हाच दुसऱ्या मोठ्याला आणणारा साक्षीदार असतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पहिला मोठा कारखाना कोणता असावा, हाही विचार करून ठरवलेला होता. जुरोंगमध्ये प्रथम उभी राहिली ती नॅशनल आयर्न अँड स्टील मिल्स. १९६२ मध्ये पायाभरणी, १९६३ मध्ये उत्पादन. भंगार वितळवून बांधकामाच्या सळ्या तयार करायच्या. गिऱ्हाईक शोधायला लांब जायचं कारण नव्हतं, कारण १९६० मध्ये स्थापन झालेलं गृहनिर्माण मंडळ शहरभर उंच इमारती बांधत सुटलं होतं आणि त्याला सळ्या कमी पडत होत्या. १९६३ मध्येच जपानच्या इशिकावाजिमा-हारिमा कंपनीच्या भागीदारीत जुरोंग शिपयार्ड स्थापन झाली. सिंगापूरच्या सामुद्रधुनीतून जाणाऱ्या जहाजांना दुरुस्ती लागायचीच, तेव्हा हेही काम हमखास होतं. १९६५ मध्ये जुरोंगचं बंदर सुरू झालं आणि मुख्य रेल्वेला जोडणारा लोहमार्गही टाकला गेला. लोहमार्ग मात्र फारसा उपयोगी पडला नाही. ट्रकनी माल नेणं सोयीचं ठरलं आणि पुढे तो बंद झाला. सगळेच अंदाज बरोबर आले नाहीत, हे नोंदवलेलं बरं.

खरी कलाटणी आली ती संकटामुळे. १९६८ च्या जानेवारीत ब्रिटनने जाहीर केलं की सिंगापूरमधले लष्करी तळ १९७१ पर्यंत हलवणार. या तळांवर देशाच्या उत्पन्नाचा पाचव्या हिश्शाच्या आसपासचा भाग आणि हजारो नोकऱ्या अवलंबून होत्या. शेजारची बाजारपेठ बंद, तळ जाणार. मग सिंगापूरने घरच्या गिऱ्हाइकासाठी माल करण्याचा नाद सोडला आणि साऱ्या जगासाठी माल करणारे कारखाने शोधायचं ठरवलं. त्या वेळी नव्याने स्वतंत्र झालेले देश परदेशी कंपन्यांकडे संशयाने पाहत होते, आयात अडवून स्वतःचे उद्योग वाढवत होते. त्या प्रवाहाच्या उलट पोहायचं हे धाडस होतं. १९६७ च्या कायद्याने निर्यातीच्या नफ्यावरच्या करात ९० टक्के सूट मिळाली. १९६८ मध्ये कामगार कायदे बदलले. आठवड्याला ४४ तासांचं काम ठरलं, बोनसवर मर्यादा आली, सार्वजनिक सुट्ट्या कमी झाल्या, नेमणूक आणि कपातीचे अधिकार मालकाकडे गेले. संप ओसरले. कामगाराने सोडलेल्या हक्कांवर ही शांतता उभी होती. १९७२ मध्ये सरकार, मालक आणि कामगार संघटना यांनी एकत्र बसून वेतनवाढ ठरवण्यासाठी राष्ट्रीय वेतन परिषद नेमली गेली, तेव्हा कुठे या सौद्याची दुसरी बाजू कामगाराला दिसू लागली.

आता कारखानदार शोधायचा होता तो न्यूयॉर्क, शिकागो, कॅलिफोर्नियात. विकास मंडळाने परदेशात कार्यालयं उघडली आणि तिथे तरुण, हुशार अधिकारी पाठवले. बहुतेकांनी नोकरीचा पहिला अनुभवच इथे घेतला. दारोदार फिरायचं, कंपनीच्या वरिष्ठांची वेळ मागायची, जगाच्या नकाशावर सिंगापूर कुठे आहे इथपासून सुरुवात करायची. एक कंपनी सिंगापूर पाहायला तयार व्हावी म्हणून कधी कधी चाळीस-पन्नास कंपन्यांची दारं ठोठावावी लागत, असं ली यांनी लिहिलं आहे. गिऱ्हाईक जमवणाऱ्या या पोरांच्या चिकाटीपुढे मी नतमस्तक आहे. जाहिरातीच्या पानापेक्षा यांची पायपीट जुरोंगला जास्त फळली.

आणि पाहुणा आला की? विमानतळापासून हॉटेलपर्यंत आणि तिथून पंतप्रधानांच्या कार्यालयापर्यंतचा रस्ता स्वच्छ, वेळच्या वेळी छाटलेल्या झाडाझुडपांनी नटलेला असायचा. पंतप्रधानांचं कार्यालय इस्ताना या जुन्या राजभवनात, भोवती राखलेली हिरवळ. पाहुण्याशी एक शब्द बोलण्याआधी त्याला कळावं की इथली माणसं नीटनेटकी, शिस्तीची आणि कामाची आहेत. ज्याला झाडांची निगा राखता येते तो कारखान्याला वीजही अखंड देईल, असा तो मूक युक्तिवाद होता.

ह्युलेट-पॅकार्डची गोष्ट याहून भारी आहे. कंपनीने सिंगापुरात एका इमारतीत जागा घेण्याचा विचार चालवला होता. संस्थापक विल्यम ह्युलेट स्वतः पाहायला येणार. जागा सहाव्या मजल्यावर, आणि उद्वाहन चालवायला लागणारा विजेचा ट्रान्सफॉर्मर वेळेत बसलेला नाही. पाहुण्यांना सहा मजले चढायला लावणं अधिकाऱ्यांना मान्य नव्हतं. त्यांनी शेजारच्या इमारतीतून भली जाडजूड केबल ओढून आणली आणि भेटीच्या दिवशी उद्वाहन चाललं. कंपनी आली. उद्वाहन चालल्यामुळेच आली असं कोणी म्हणणार नाही. पण ज्या खात्याचं काम गुंतवणूक आणायचं, ते खातं वेळ आली तर रातोरात केबल ओढतं, ही खात्री कुठल्याही सवलतीपेक्षा मोलाची आहे. परक्या मुलखात कारखाना काढणाऱ्याला शंभर अडचणी येणार हे तो जाणून असतो. अडचण आल्यावर फोन कोण उचलेल, हे त्याला आधी कळायला हवं असतं.

याच विचारातून १ जून १९६८ रोजी जुरोंग टाउन कॉर्पोरेशन, म्हणजे ‘जेटीसी’, स्थापन झालं. तोवर विकास मंडळ कारखानदार शोधण्यापासून गटार बांधण्यापर्यंत सगळं करत होतं. आता वाटणी झाली. मंडळाने कारखानदार आणायचा, जेटीसीने त्याच्यासाठी जमीन, रस्ता, गाळा आणि नगर तयार ठेवायचं, आणि उद्योगांना कर्ज द्यायला त्याच वर्षी सिंगापूर विकास बँक सुरू झाली. जेटीसीकडे सूत्रं आली तेव्हा जुरोंगमध्ये १४.७८ चौरस किलोमीटर औद्योगिक जमीन तयार होती, १५३ कारखाने चालू होते आणि ४६ बांधकामात होते.

जेटीसीने जमीन विकली नाही, भाडेपट्ट्याने दिली. सर्वसाधारण मुदत ३० वर्षं, कारखानदाराने ठरलेली गुंतवणूक केली तर वाढवून मिळणारी. यामुळे भूखंड अडवून भाव वाढायची वाट पाहणाऱ्यांना जागाच उरली नाही. आपल्याकडच्या कित्येक वसाहतींमध्ये ज्या कुंपणाआड नुसतं गवत वाढतं, तसे भूखंड तिथे टिकू शकले नाहीत. दुसरी सोय होती तयार कारखान्यांची. छप्पर, भिंती, वीज, पाणी सगळं सज्ज असलेली इमारत भाड्याने मिळायची. यंत्रं आणली, बसवली की काम सुरू. लहान उद्योगांसाठी बहुमजली औद्योगिक गाळे होते. अवजड, धूर ओकणारे कारखाने किनाऱ्याकडे, बंदराजवळ. हलके, स्वच्छ कारखाने वस्तीच्या बाजूला. पाण्याचाही वेगळा विचार झाला. १९६६ पासून जुरोंगच्या कारखान्यांना शुद्ध केलेलं सांडपाणी औद्योगिक वापरासाठी पुरवलं जाऊ लागलं. पिण्याचं पाणी शेजाऱ्याकडून घेणाऱ्या देशात कारखानदाराला पाण्याची हमी देण्याचा हा दूरदृष्टीचा मार्ग होता.

तरीही एक गोष्ट जमत नव्हती. संध्याकाळी भोंगा वाजला की जुरोंग ओस पडायचं. कामगारांसाठी तामान जुरोंग भागात बांधलेली घरं कितीतरी काळ रिकामी राहिली. माणसं शहरातून बसने येत, दिवसभर काम करत आणि परत जात. कारखाना भरला, पण नगर भरलं नाही. आणि कामगार जिथे राहायला तयार नाही तिथे कारखानदारालाही कामगार टिकवता येत नाही. कुशल माणूस मुलांची शाळा, बाजार, दवाखाना आणि रविवारची संध्याकाळ यांचा हिशोब केल्याशिवाय बिऱ्हाड हलवत नाही.

इथे गोह केंग स्वी यांनी जे केलं ते अर्थमंत्र्याकडून कोणी अपेक्षिलं नसतं. १९६७ मध्ये जागतिक बँकेच्या बैठकीसाठी ते ब्राझीलमधल्या रिओ द जानेरोला गेले होते. तिथे त्यांनी एक मोठा पक्षीपिंजरा पाहिला, ज्यात पक्षी मोकळे उडत होते आणि माणसं त्यांच्यात फिरत होती. परत आल्यावर त्यांनी जुरोंगमध्ये पक्षी उद्यान करायचं ठरवलं. प्राणीसंग्रहालयाऐवजी पक्षीच का, तर पक्षी पाळायला खर्च कमी. ३ जानेवारी १९७१ रोजी जुरोंगच्या टेकडीवर हे उद्यान उघडलं. सुमारे ३५ लाख सिंगापुरी डॉलर खर्च, वीस हेक्टर जागा आणि त्यात ३० मीटर उंचीचा कृत्रिम धबधबा. पोलाद कारखान्यापासून थोड्याच अंतरावर फ्लेमिंगो उभे राहिले. त्याच वर्षी मोटारीत बसून पाहायचं उघड्यावरचं सिनेमागृह सुरू झालं. नदी अडवून तलाव केला, त्यातल्या बेटांवर १९७३ मध्ये जपानी आणि १९७५ मध्ये चिनी उद्यान झालं, १९७७ मध्ये विज्ञान केंद्र. शहरातली कुटुंबं सुट्टीच्या दिवशी जुरोंगला येऊ लागली. हळूहळू घरं भरली, शाळा भरल्या.

काटकसरी म्हणून ख्यात असलेल्या माणसाने पक्ष्यांवर पैसा खर्च केला, यामागे भाबडेपणा नव्हता. उद्योगनगरीत उद्योगाइतकंच नगर लागतं, हे त्यांनी रिकाम्या घरांकडे बघून ओळखलं होतं. नियोजनाची पुस्तकं आजही यावर थोडकंच बोलतात आणि आपल्याकडे औद्योगिक वसाहतीच्या आराखड्यात बाग शेवटच्या पानावर येते, याची मला खंत वाटते.

कुशल हातांचा प्रश्न उरला होता आणि त्याच्या उत्तरात मुंबईचा वाटा आहे. यंत्रं येत होती, ती चालवणारे, साचे आणि हत्यारं घडवणारे कारागीर नव्हते. सरकारी शाळांनी शिकवलेलं ज्ञान कारखान्याच्या जमिनीवर अपुरं पडत होतं. तेव्हा विकास मंडळाने एक नवा सौदा मांडला. परदेशी कंपनीने आपल्या गरजेपेक्षा जास्त मुलं शिकवायची, सरकार जागा, यंत्रं आणि शिष्यवृत्तीचा भार उचलणार, आणि जास्तीची मुलं इतर कारखान्यांना मिळणार. या पद्धतीचं पहिलं केंद्र १९७२ मध्ये टाटांबरोबर सुरू झालं. नंतर १९७३ मध्ये जर्मन कॅमेरा कंपनी रोलाय आणि १९७५ मध्ये फिलिप्स यांच्याबरोबर अशीच केंद्रं निघाली. टाटांच्याच टेल्को कंपनीच्या प्रशिक्षण विभागातून घडलेले कारागीर पुणे परिसरातल्या किती कारखान्यांत पसरले हे ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना सिंगापूरने पहिला हात टाटांना का दिला असेल याचं नवल वाटणार नाही. रोलायची कंपनी पुढे १९८१ मध्ये कोसळली आणि सिंगापूरचा कारखाना बंद झाला. पण तिथे शिकलेले हात इतर कारखान्यांनी घेतले. कंपनी जाते, कसब राहतं, हा त्या सौद्याचा न लिहिलेला लाभ होता.

१९७० च्या अखेरीस दिलेल्या करमाफीच्या प्रमाणपत्रांची संख्या ३९० झाली होती. १९६८ पासून नॅशनल सेमिकंडक्टर, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स अशा अमेरिकी इलेक्ट्रॉनिक्स कंपन्या सिंगापुरात आल्या, त्यांच्यामागून इतर आल्या, आणि सत्तरच्या दशकात बेकारीची जागा कामगारटंचाईने घेतली.

पाहुण्यांना जुरोंग दाखवण्यासाठी टेकडीवर मनोरा बांधला होता आणि तिथे त्यांच्या हातून झाड लावून घेण्याचा प्रघात होता. १९७२ मध्ये ब्रिटनच्या राणीने झाड लावलं. नोव्हेंबर १९७८ मध्ये चीनचे तंग श्याओफिंग आले, त्यांनीही एक झाड लावलं. परतल्यावर काही आठवड्यांतच चीनने सुधारणांचं धोरण स्वीकारलं आणि १९८० मध्ये शेन्झेनचा विशेष आर्थिक विभाग जाहीर झाला. या सगळ्याचं श्रेय जुरोंगला देणं अतिशयोक्ती ठरेल. तरी परदेशी कारखानदाराला बोलावून गरीब देश स्वतःचा ताबा गमावत नाही, याचं डोळ्यांना दिसणारं उदाहरण त्या मनोऱ्यावरून त्यांच्यासमोर पसरलेलं होतं.

चीनने पुढे हीच नगरी उचलून आपल्या भूमीवर लावायचा प्रयत्न सिंगापूरच्याच भागीदारीत केला. १९९४ मध्ये सुझौ औद्योगिक उद्यान सुरू झालं. आराखडा, नियम, अधिकाऱ्यांचं प्रशिक्षण, सगळं सिंगापूरचं. पण स्थानिक प्रशासनाने शेजारीच स्वतःची वसाहत चालवली आणि त्याच कारखानदारांना ओढायला सुरुवात केली. तोटा वाढला आणि २००१ मध्ये सिंगापूरने आपला हिस्सा ६५ टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर आणला. त्यानंतर, स्थानिक प्रशासनाचा स्वतःचा पैसा आणि प्रतिष्ठा त्यात गुंतल्यावर, उद्यान जोमाने वाढलं.

जुरोंगच्या किनाऱ्यासमोर लहान लहान बेटं होती. एसोचा तेलशुद्धीकरण कारखाना १९७० मध्ये त्यांतल्या पुलाउ आयेर चावान बेटावर आला. १९८४ मध्ये सुमितोमोच्या सहभागातला पेट्रोकेमिकल प्रकल्प शेजारच्या बेटावर सुरू झाला. मग कल्पना निघाली की सात बेटांमधला समुद्रच भरून काढावा. १९९५ मध्ये सुरू झालेला भराव २००९ मध्ये पूर्ण झाला, मूळ नियोजनापेक्षा वीस वर्षं आधी. दहा चौरस किलोमीटरच्या आसपासची जमीन बत्तीसवर गेली. बेटांवरच्या कोळ्यांच्या वस्त्या त्याआधीच मुख्य भूमीवर हलवल्या होत्या. या जुरोंग बेटावर आज शंभराहून जास्त कंपन्या आहेत आणि त्यांची रचना स्वयंपाकघरासारखी आहे: एका चुलीवरून उतरलेलं दुसऱ्या चुलीवर चढतं. एका कारखान्यात तयार झालेलं रसायन नळाने शेजारच्या कारखान्यात कच्चा माल म्हणून जातं. वाफ, पाणी, वायू, सांडपाणी प्रक्रिया, अग्निशमन या सेवा सामाईक आहेत. नव्या कंपनीला बोलावताना इथे जमिनीपेक्षा शेजार विकला जातो. तुमचा पुरवठादार आणि तुमचं गिऱ्हाईक कुंपणापलीकडेच आहे, हे सांगितल्यावर करसवलतीचा मुद्दा मागे पडतो.

जमीन संपली तेव्हा जेटीसी खाली गेलं. समुद्रतळाखाली खडक पोखरून, भूपृष्ठापासून सुमारे १३० मीटर खोलीवर, द्रवरूप हायड्रोकार्बन साठवण्याच्या गुहा तयार केल्या. २०१४ मध्ये पहिल्या टप्प्याचं उद्घाटन झालं, साठवणक्षमता १४ लाख ७० हजार घनमीटर. वरची जमीन टाक्यांऐवजी कारखान्यांना मोकळी राहिली.

जुरोंगचा पहिला कारखाना, ती सळ्यांची मिल, नॅटस्टील या नावाने वाढत गेली आणि २००५ मध्ये मुंबईच्या टाटा स्टीलने तिचा पोलाद व्यवसाय विकत घेतला. सोळा वर्षांनी, २०२१ मध्ये, टाटांनी सिंगापूरचा कारखाना विकला. पक्षी उद्यान २०२३ च्या जानेवारीत बंद होऊन सिंगापूरमधल्याच मंडाईला हललं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जुरोंगच्या नव्या संशोधन-उद्योग भागात ह्युंदाईने विजेवर चालणाऱ्या मोटारींचा कारखाना उघडला. सात मजली इमारत, बरंचसं काम यंत्रमानवांकडे, वर्षाला ३०,००० मोटारींची क्षमता आणि गच्चीवर मोटार चालवून पाहण्याचा मार्ग. सिंगापूरमधला फोर्डचा जुना कारखाना १९८० मध्ये बंद झाला होता, तेव्हा इतक्या छोट्या देशात मोटार बनवणं परवडत नाही असं सगळ्यांनी मानलं होतं. ह्युंदाईला तिथे स्वस्त जमीन मिळाली नाही आणि स्वस्त मजूरही मिळाला नाही. नव्या पद्धतीने मोटार घडवून पाहायला लागणारे तंत्रज्ञ, शेजारचं तंत्रविद्यापीठ आणि प्रयोग फसला तरी पाठीशी राहणारी जेटीसी व विकास मंडळाची माणसं तिला तिथे मिळाली.